वारशात आलेली जुनी मोटरबोट: दुरुस्त करायची की सोडून द्यायची?

वडिलांची किंवा काकांची बोट आपल्या वाट्याला आली की ताडपत्री काढल्या काढल्या आपण काय करतो, तर बॅटरी लावतो आणि किल्ली फिरवतो. प्लीज हे करू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलेंडरला चिकटलेल्या असू शकतात, तसाच स्टार्टर मारला तर जे वाचलं असतं तेही जातं. आणि इंजिन सुरू झालंच तर आपण मनाने पाण्यात पोचलेलो असतो, मग जे खरं बघायचं ते बघायचंच राहून जातं.

खरं बघायचं ते आतलं लाकूड. फायबरची बोट म्हणजे सगळं फायबर असं वाटतं, पण बऱ्याच जुन्या बोटींत ट्रान्सम, म्हणजे इंजिन लटकतं ती मागची भिंत, आणि फ्लोअरखालचे लांब स्ट्रिंगर, म्हणजे तळाला आधार देणाऱ्या पट्ट्या, हे आतून लाकूड नाहीतर प्लायवूडच असतं, वरून फक्त फायबर चढवलेलं. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून पाणी शिरतं, बाहेर यायला वाट नसते, आणि लाकूड आतल्या आत कुजत राहतं, बाहेरून बोट चकाचक दिसते.

हे ओळखायला महागडं काही लागत नाही. स्क्रूड्रायव्हर उलटा धरा, प्लास्टिकच्या मुठीने दर दोन-चार बोटांवर ठोकत पूर्ण ट्रान्सम फिरा, लाकूड चांगलं असेल तर टणक खणखणीत आवाज येतो, कुजलेलं असेल तिथे भद्द. आउटबोर्ड, म्हणजे ट्रान्समला बाहेरून लटकवलेलं इंजिन असेल तर ते वर टिल्ट करून खालच्या टोकावर हळूहळू वजन द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी ट्रान्समवर नजर ठेवायला सांगा. ट्रान्सम वाकताना दिसला किंवा बोल्टांच्या बाजूने पाणी पाझरलं तर समजून जा. तरी शंका असेल तर आतल्या बाजूने खाली एक बारीक भोक पाडा. भुसा कोरडा, फिकट निघाला तर छान, ओला काळपट निघाला तर लाकूड गेलं (भोक नंतर इपॉक्सीने नक्की बुजवा).

फ्लोअरवर हळूहळू चालून बघा, पाय दबतो का. नुसतं वरचं प्लायवूड गेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, ते बदलता येतं, पण खालचे स्ट्रिंगर आणि फ्लोअरखाली भरलेला फोम बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका, कारण फोम पाणी धरून बसला असेल तर बोट कितीतरी जड होते आणि पूर्ण फ्लोअर उघडावं लागतं. उडालेला रंग, जेलकोटवरच्या (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, फाटलेल्या सीटा, यावरून मात्र बोट टाकून देऊ नका, हे बहुतेक वरवरचं असतं.

आता इंजिन. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं ऑइल टाका, एक-दोन दिवस तसंच ठेवा आणि मग हाताने फिरवा. फिरलं तर थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब मोजा, आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलेंडरचे आकडे जवळजवळ सारखे आहेत का ते महत्त्वाचं, 10-15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिन उघडायची तयारी ठेवा. गिअर ऑइल दुधासारखं निघालं तर सील गेलेत, पाणी शिरलंय. जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चाक) न बघताच नवीन घाला, पाण्याशिवाय इंजिन एक मिनिटसुद्धा चालवू नका.

इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं इंजिन असेल तर गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर स्वस्त पडतो म्हणून बसवायचा मोह होतो, तो अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते. बोटीचे पार्ट या ठिणग्या बाहेर येणार नाहीत असे बनवलेले असतात, म्हणून बजेटमध्ये तेच धरा.

खर्चाला हात घालायच्या आधी कागदपत्रं बघा, बोट, इंजिन आणि ट्रेलर तिन्हीची, नाव बदलून मिळणार नसेल तर एक पैसाही टाकू नका. मग सगळ्या कामांची यादी करा, बेरीज करा, त्यात अजून निम्मे मिळवा, कारण उघडल्यावर काहीतरी निघतंच. तशीच चालू बोट यापेक्षा कमीत मिळत असेल तर पैशाच्या हिशोबाने ही परवडत नाही, विकताना लावलेले पैसे सहसा परत येत नाहीत.

पण वडिलांसोबत याच बोटीत बसून मासे पकडलेत, तर हिशोब फक्त पैशाचा नसतो, हे मला पूर्ण मान्य आहे. माझं मत एवढंच की लाकूड शाबूत आणि इंजिन गेलेलं, तर बोट ठेवा, इंजिन दुसरं मिळतं. लाकूड गेलं पण इंजिन चांगलं, तर ट्रान्सम स्वतः करायला वेळ आणि झाकलेली जागा असेल तरच हात घाला. दोन्ही गेलं असेल तर स्टिअरिंग, नावाची पाटी आणि मागचा दिवा काढून घरी आणा, बाकीची जाऊ द्या.