होस्टेलात राहून ख्रिस्ती असणं

मी नवापूरकडची, जळगावच्या विद्यापीठात एमएस्सीला. नव्या पोरींनो, पहाटेच्या प्रार्थनेसाठी खोलीतला लाईट लावू नका; रूममेट तीनला झोपलेली असते. गच्चीवर जा. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय प्रार्थनेला एकांतच सांगतो. विद्यापीठ गावाबाहेर, म्हणून रविवारच्या उपासनेसाठी रिक्षा आदल्या रात्रीच ठरवा.

ईस्टरआधीचा उपवासकाळ, रविवार सोडून ४० दिवस. रात्रीचं जेवण सोडणार असाल तर मेसच्या मावशींना दुपारीच सांगा. भाकरी वाया गेल्या तर कसला डोंबलाचा उपवास!

गणपतीच्या आरतीला मी मागे उभी राहते, ताट हातात घेत नाही. पण नंतर मंडप झाडायला पहिली. ‘का गं?’ विचारलंच तर दोन वाक्यांत सांगायचं, प्रवचन नको. हिवाळ्यात भरीत पार्टी रविवारीच ठेवतात. वर्गणी आधी द्या, उपासना आटोपून या, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी बाजूला काढून ठेवायला सांगा.