पाळणाघराचा हिशेब कसा मांडावा

प्रसूतीरजा संपत आली की बहुतेक घरांत आईच्या पगारातून पाळणाघराची फी वजा केली जाते आणि उरलेली रक्कम किरकोळ दिसली की नोकरी सोडण्याचा निर्णय होतो. ही मांडणीच मुळात अन्यायकारक आहे, कारण मूल दोघांचे असते. म्हणून पहिली गोष्ट ही करावी की, सांभाळण्याचा सगळा खर्च दोघांच्या एकत्रित उत्पन्नातून वजा करावा.

त्यानंतर आईच्या नोकरीतून महिन्याला प्रत्यक्षात काय मिळते, ते पूर्णपणे लिहून काढावे. समजा, हातात येणारा पगार 20,000 रुपये आहे, आणि पाळणाघर, प्रवास व डबा मिळून 14,000 रुपये खर्च होतात. शिल्लक 6,000 दिसते; परंतु मूळ वेतन 15,000 असेल, तर 12 टक्के दराने तिचे 1,800 आणि कंपनीचे 1,800 रुपये भविष्यनिर्वाह निधी व पेन्शनच्या खात्यांत दरमहा जमा होत असतात. म्हणजे खरी शिल्लक 9,600 आहे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, सलग 5 वर्षांची सेवा लागते, त्यामुळे चौथ्या वर्षी राजीनामा देण्याआधी तारखा अवश्य तपासाव्यात. पगारी प्रसूतीरजेचा काळ या सेवेत धरला जातो. शिवाय पाळणाघराचा मोठा खर्च काही वर्षांचा असतो, तर नोकरीतील खंडाचा परिणाम पुढच्या प्रत्येक पगारावर होतो.

फी ठरवताना केवळ महिन्याचा आकडा विचारू नये. संध्याकाळी लोकल रखडल्यास उशिराचे किती पैसे पडतात, दिवाळीत किती दिवस बंद असते, एका ताईकडे किती मुले असतात आणि मुलाला ताप आल्यास काय करतात, हे आधीच विचारून घ्यावे. आजारपणाच्या दिवशी रजा कोणी घ्यायची, हे आई-वडिलांनी अगोदरच वाटून घेतले पाहिजे. आजी-आजोबा सांभाळणार असतील, तर त्यांच्या मदतीला घरकामाची बाई ठेवण्याचा खर्च धरावा. त्यांचे श्रम फुकट समजणे मला योग्य वाटत नाही.

प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. कामाच्या ठिकाणी ही सोय नसेल, तर सहकाऱ्यांनी मिळून लेखी मागणी करावी. खासगी नोकरीतील वडिलांना मात्र पितृत्वरजेचा कायदेशीर हक्क नाही, त्यामुळे कंपनीचे धोरण पाहून आणि आपली हक्काची रजा साठवून ठेवून त्यांना नियोजन करावे लागते.

मूल शाळेत जाऊ लागल्यावर हा हिशेब पुन्हा मांडावा, कारण बालवाडी दुपारपूर्वी सुटते आणि तेथून आई-वडील घरी येईपर्यंतच्या वेळेसाठी, तसेच मे महिन्याच्या सुट्टीसाठी, वेगळी सोय व वेगळी रक्कम लागते.