घर दुरावले असताना विश्वास कसा सांभाळावा

ख्रिस्ती होऊन बाप्तिस्मा घेतल्यानंतर बहुतेकांच्या वाट्याला जो त्रास येतो, तो आरडाओरड्याचा नसतो. लग्नपत्रिकेतून नाव गळते, चुलत भाऊ रस्त्यात मान वळवतो, पंगतीत आपल्या शेजारचे पान रिकामे राहते. अशा काळात विश्वास टिकवायचा असेल, तर आपली तक्रार देवापुढे मोकळेपणाने मांडावी आणि घराचे दार आपल्या बाजूने कधीही लावू नये. ही दोन्ही कामे रोजची आहेत आणि दुसरे पहिल्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

तक्रारीला संकोचू नये. बायबलमधील तेराव्या स्तोत्रात दावीद राजा ‘हे कुठवर चालणार’ असे चार वेळा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. सकाळी दहा मिनिटे काढून असे एखादे स्तोत्र मोठ्याने वाचावे आणि त्याखाली आपले दुःख स्वतःच्या शब्दांत, सजवल्याशिवाय, वहीत लिहावे. मात्र हीच तक्रार प्रार्थनासभेत साक्ष म्हणून, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव म्हणून, सांगताना आईवडिलांना खलनायक करू नये. सोलापूरच्या पेठांमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. सकाळी सांगितलेली साक्ष संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते, आणि तीही मीठमसाला लावून.

दाराची गोष्ट मी चुकत शिकलो. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते. एकदा ते नेमके रविवारी, उपासनेच्या वेळी आले. मी बायबल काखेत धरून निघालो आणि आईने एकटीने बॅरल भरले. त्या दिवसापासून घरात माझ्या विश्वासाचा अर्थ ‘पाण्याच्या वेळी पळून जाणे’ असा झाला. पुढे पाण्याचा वार पुन्हा रविवारी पडला, तेव्हा मी थांबलो, नळी धरली, शेवटची कळशी भरली आणि मग चर्चमध्ये गेलो. प्रवचन संपत आले होते. आई काही बोलली नाही, पण नंतरच्या खेपेस पाणी आले तेव्हा तिने मला हाक मारली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. म्हणून नव्या विश्वासणाऱ्याने आधी घरातील आपल्या वाट्याची कामे लिहून काढावीत आणि त्यांपैकी एकही विश्वासाच्या नावाखाली टाळू नये.

सणावारांचा प्रश्न येतोच. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला घरी पाहुणे येतात, तेव्हा पूजेला बसणे आपल्याला जमणार नसेल तर ते वडिलांना आधी, एकांतात आणि आदराने सांगावे. ऐन वेळी सर्वांसमोर नकार देणे हा निव्वळ उद्धटपणा होय. पाहुण्यांची सरबराई, स्टेशनवर जाणे, भांडी घासणे यांत मात्र कोणताही अडसर नाही. प्रसादाबाबत ख्रिस्ती धर्मसेवकांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा आपल्या मंडळीच्या पाळकांशी बोलून आपल्या विवेकाला पटेल तसे वागावे.

घरच्यांनी लगेच समजून घ्यावे, असा हट्टही धरू नये. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या आणि आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या त्याही आपले सोवळेओवळे सोबत घेऊन. ख्रिस्ताकडे त्या पुढे आल्या, त्या स्वतःच्या पावलांनी. टिळकांना जी वाट पाहावी लागली, ती आपल्याला चुकेल असे मानण्याचे कारण नाही.

पण सोसणे म्हणजे मार खाणे नव्हे. कोणी हात उगारला, कोंडले किंवा कागदपत्रे काढून घेतली, तर तेथून निघावे, ११२ क्रमांकावर फोन करावा आणि विश्वासू माणसाकडे जावे. दिमिष्क (दमास्कस) शहरात जीव धोक्यात आला तेव्हा प्रेषित पौलही टोपलीत बसून तटावरून खाली उतरला. राज्यघटनेचे २५ वे कलम सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते, हे लक्षात ठेवावे.

शेवटी मंडळीकडे मागायला लाजू नये. नुसते ‘प्रार्थना करा’ असे म्हटले की लोक मान डोलावून निघून जातात. पौलाने तुरुंगातून आपला तरुण सहकारी तीमथ्य याला काय लिहिले ते पाहावे: आपल्या पहिल्या जबाबाच्या वेळी कोणीही सोबत नव्हते, हे त्याने लपवले नाही, आणि त्याच पत्रात त्रोवस गावी कार्प नावाच्या माणसाकडे राहिलेला झगा आण, पुस्तके आण, हिवाळ्यापूर्वी ये, असे नेमके सांगितले. या रविवारी उपासना संपल्यावर एका माणसाला बाजूला घ्यावे आणि आपला झगा कोणता, ते सांगावे: खोलीचे भाडे, रात्रीचे जेवण, की सणाच्या दिवशी नुसते कोणाच्या तरी घरी बसायला जागा.