गच्चीवरच्या दुधीला फळ धरेना, तेव्हा

वेल मांडवभर पसरलेला, पांढरी फुलं भरपूर, पण बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागली. मी खत घालण्याआधी फुलं नीट पाहिली.

दुधीत नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. लांब, बारीक देठावरचं नुसतं फूल नर. ज्याच्या पाकळ्यांखाली लव असलेला इवलासा दुधी दिसतो ते मादी. लाल भोपळा, काकडी सकाळी फुलतात, मधमाश्या नर फुलाचे पराग मादी फुलापर्यंत नेण्याचं काम उरकतात. दुधी मात्र संध्याकाळी उमलतो आणि त्याची भिस्त बरीचशी रात्रीच्या पतंगांवर. चौथ्या मजल्यावर ते कुठून यायचे? पराग न मिळाल्यानेच इवलेसे दुधी गळत होते.

मग दिवेलागणीला मीच ते काम घेतलं. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. दुसऱ्या दिवशी उशिरा करून फायदा नाही, फूल मलूल झालेलं असतं. फळ धरलं की देठ हिरवा राहतो आणि दुधी भराभर फुगतो.

मादी फुलं कमी होती, म्हणून मुख्य वेलाचा शेंडा खुडला. बाजूच्या फुटव्यांवर ती जास्त येतात. फळमाशी कोवळ्या फळाला डंख मारते, त्यासाठी जुन्या ओढणीच्या पिशव्या शिवून बांधल्या.

आता भाजी होते. फक्त चिरताना एक कण चाखते आणि कडू लागला तर अख्खा दुधी टाकून देते, कारण कडू दुधीने विषबाधा होते. रस काढणाऱ्यांनी तर हे जरूर करावं.