घरातल्या हजारो पुस्तकांची यादी: सॉफ्टवेअर कसं निवडावं

दोन-अडीचशे पुस्तकं डोळ्यांनी सांभाळता येतात. संग्रह हजाराच्या पुढे गेला की एकच पुस्तक दोनदा विकत घेतलं जातं, उसनं दिलेलं कुणाकडे आहे ते आठवत नाही आणि माळ्यावरच्या खोक्यात काय आहे हे खोकं खाली काढल्याशिवाय कळत नाही. मग यादी करायचं ठरतं. बहुतेक जण सगळ्यात जास्त स्टार असलेलं ॲप डाउनलोड करतात आणि बारकोड स्कॅन करत सुटतात. इंग्रजी पुस्तकांचं कपाट एका दुपारी उरकतं. मराठी कपाटापाशी आलं की दर दुसऱ्या पुस्तकाला ‘माहिती सापडली नाही’ असं उत्तर येतं आणि काम तिथेच थांबतं.

म्हणून मराठी संग्रहासाठी सॉफ्टवेअर पारखताना स्कॅनर सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघायच्या गोष्टी तीन: देवनागरीत हाताने नोंद किती सहज करता येते, केलेली नोंद शोधल्यावर सापडते का, आणि सगळी यादी एका फाईलमध्ये बाहेर काढता येते का. यातल्या एकीतही नापास झालेलं सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी घेऊ नये.

पायरी १: संग्रह मोजा

याला अर्धा-पाऊण तास पुरतो. तीन फुटांच्या फळीवर साधारण ४० ते ५० पुस्तकं बसतात; फळ्या मोजून गुणाकार करा, एकूण अंदाज येईल. मग प्रत्येक फळीवरचं दर दहावं पुस्तक उघडून त्याला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आहे का ते बघा. हा क्रमांक मागच्या मुखपृष्ठावर नसला तर शीर्षकपानाच्या पाठीमागे, जिथे प्रकाशक, मुद्रक आणि आवृत्ती छापलेली असते, तिथे सापडतो. किती पुस्तकांना आयएसबीएन आहे, मुख्यतः या एका प्रमाणावर निवड ठरते.

आयएसबीएन ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० साली आली. २००६ अखेरपर्यंत तो दहा आकडी होता, १ जानेवारी २००७ पासून तेरा आकडी झाला. भारतीय पुस्तकांचा दहा आकडी क्रमांक ८१ किंवा ९३ ने सुरू होतो, तेरा आकडी ९७८८१ किंवा ९७८९३ ने. जुन्या दहा आकडी क्रमांकापुढे नुसतं ९७८ जोडून चालत नाही. शेवटचा आकडा तपासणीचा असतो, तो नव्या पद्धतीत वेगळ्या हिशेबाने निघतो. चांगलं सॉफ्टवेअर दोन्ही रूपं ओळखतं. बारकोड ८९० ने सुरू होत असेल तर तो आयएसबीएन नव्हे, भारतीय वस्तूंना मिळणारा सर्वसाधारण बारकोड आहे. तो पुन्हा पुन्हा स्कॅन करण्यात वेळ घालवू नका.

क्रमांक बरोबर असूनही पुस्तक सापडत नाही, यामागचं कारण साधं आहे. सॉफ्टवेअरकडे स्वतःची माहिती नसतेच. ते तो क्रमांक एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या किंवा दुकानाच्या यादीत शोधतं, आणि त्या याद्यांत मराठी प्रकाशनं अगदी तुरळक आहेत. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं कार्यालय दिल्लीत १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकी ग्रंथालयांसाठी घेत आलं आहे. त्यामुळे एखादं जुनं मराठी पुस्तक तिथल्या यादीत अचानक सापडतं, पण रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि अक्षरांखाली टिंबं असलेल्या रूपात. ही नोंद आहे तशी घेतली तर उद्या देवनागरीत शोधताना ते पुस्तक मिळणार नाही. पानसंख्या, वर्ष, प्रकाशक तेवढे घ्यावेत. शीर्षक आणि लेखक देवनागरीत पुन्हा टाइप करावेत.

पायरी २: रकाने कागदावर ठरवा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे करा, नाहीतर ते देईल त्या रकान्यांत तुमचा संग्रह कोंबावा लागतो. शीर्षक, लेखक, अनुवादक किंवा संपादक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, भाषा, प्रकार, जागा, उसनं कुणाला आणि कधी दिलं, एवढे दहा-अकरा पुरेत. पंचवीस रकाने आखले की शंभराव्या पुस्तकानंतर निम्मे रिकामे राहू लागतात.

लेखकाच्या नावाचा नियम मात्र लेखी हवा. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल. देशपांडे’ आणि ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’ हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे लेखक आहेत. आद्याक्षरानंतर टिंब आणि एक जागा, असं एकच रूप ठरवून शेवटपर्यंत पाळा. टोपणनावांचा प्रश्न याहून अवघड आहे. वि. वा. शिरवाडकरांची नाटकं त्यांच्या नावाने आहेत आणि कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने. मुखपृष्ठावर आहे तेच नाव लेखकाच्या रकान्यात ठेवा, दुसरं नाव ‘शोधशब्द’ या वेगळ्या रकान्यात द्या (त्याबद्दल पायरी ४ मध्ये). म्हणजे कोणत्याही नावाने शोधलं तरी दोन्ही पुस्तकं येतात.

अनेक परदेशी ॲप नावातला शेवटचा शब्द आडनाव धरून क्रम लावतात. त्यात ‘तुकाराम महाराज’ हे ‘महाराज’खाली जातात. क्रमासाठीचं नाव हाताने बदलता येतं का, हे आत्ताच टिपून ठेवा.

जुन्या पुस्तकांवर कधी कधी फक्त शके छापलेला असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने पौष-माघ-फाल्गुनातल्या प्रकाशनाला ७९ मिळवावे लागू शकतात. शके १८५० म्हणजे १९२८-२९. वर्षाच्या रकान्यात इसवी सन लिहा आणि मूळ शके टिपणीत ठेवा.

जागेसाठी खोली, कपाट आणि फळी एवढंच लिहा, जसं ‘बैठक-२-४’. फळीवरचा कितवा नंबर ते लिहू नका. एक पुस्तक काढून दुसरीकडे ठेवलं की ते सगळे नंबर चुकतात.

पायरी ३: पर्याय

लायब्ररीथिंग ही वेबवरची सेवा २००५ साली सुरू झाली आणि २०२० पासून तिथे पुस्तकांच्या संख्येवर बंधन नाही. जगभरातल्या ग्रंथालयांच्या याद्यांतून ती नोंदी आणते, हाताने नोंद करू देते, यादी खासगी ठेवू देते आणि सगळी माहिती बाहेर काढू देते. इंग्रजी-मराठी मिश्र आणि मोठ्या संग्रहाला ती चांगली बसते. लिबिब दिसायला सुटसुटीत आहे, फोनवरून स्कॅनिंग जलद होतं. विनाशुल्क खात्याला नोंदींची मर्यादा असते, म्हणून पायरी १ मधला आकडा हाताशी ठेवून ती आधी वाचा. गुडरीड्स हे वाचनाची डायरी म्हणून उत्तम आहे. कोणतं पुस्तक कुठल्या फळीवर आहे, हे सांभाळण्यासाठी ते घडवलेलंच नाही.

कॅलिबर हे कोविद गोयल यांचं मुक्त सॉफ्टवेअर. मुळात ते ई-पुस्तकांचं, पण त्यात फाईलशिवाय रिकामी नोंद करता येते आणि हवे ते रकाने स्वतः जोडता येतात. माहिती तुमच्याच संगणकावर राहते, इंटरनेट गेलं तरी काम अडत नाही. ई-पुस्तकं आणि कागदी पुस्तकं एकाच यादीत हवी असतील तर याला तोड नाही. कोहा आणि एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय ही खऱ्या ग्रंथालयांसाठीची साधनं आहेत, सदस्य, दंड, खरेदी सगळं धरून. घरासाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये. पुस्तकं नोंदण्याऐवजी सॉफ्टवेअर चालू ठेवण्यातच महिने जातात.

आणि साधी स्प्रेडशीट. पायरी १ मध्ये निम्म्याहून जास्त पुस्तकांना आयएसबीएन नाही असं निघालं, तर आमची शिफारस निःसंकोच हीच आहे: गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस कॅल्क. तीन-चार हजार ओळी ती आरामात पेलते. गूगल फॉर्म बनवून तो शीटला जोडला की फोनवरून एकेक पुस्तक भरता येतं, आणि घरातल्या कुणालाही नवं काही शिकावं लागत नाही. स्कॅनर नाही म्हणून तिला कमी लेखू नका. आयएसबीएन नसलेल्या पुस्तकाला स्कॅनर असून नसून सारखाच.

पायरी ४: वीस पुस्तकांची परीक्षा

यातले दोन पर्याय निवडा आणि दोन्हींत तीच वीस पुस्तकं भरा. मुद्दाम अवघड पुस्तकं घ्या: १९६२ पूर्वीची, जुन्या शुद्धलेखनातली दोन, एक अनुवाद, एक टोपणनावाचं, एक बहुखंडी ग्रंथाचा मधलाच खंड, दोन दिवाळी अंक, एकाच पुस्तकाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या, मुखपृष्ठ गेलेलं एक. उरलेली सरसकट. एका पुस्तकाला सरासरी दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर हजारांत ते सॉफ्टवेअर टिकणार नाही.

आता शोधून बघा. मराठी यादी सगळ्यात जास्त इथे फसते.

‘वाऱ्यावर’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त येतो, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण आतले संकेत वेगळे असतात. फोनवर भरलेली नोंद लॅपटॉपवर शोधताना ‘काहीच सापडलं नाही’ असं येतं ते बहुधा यामुळे. ‘ॲ’चंही तसंच: एक अखंड अक्षर, आणि एक ‘अ’वर चंद्र ठेवून केलेलं. फोन आणि संगणक दोन्हींवरून हे शब्द शोधा. सापडत नसतील तर सगळी नोंद एकाच कीबोर्डने करायची, किंवा स्प्रेडशीटमध्ये ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्यायचं.

दुसरी अडचण जुन्या लेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे नवे शुद्धलेखन नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ‘नांव’, ‘कांहीं’, ‘गाणीं’ असं छापलेलं आहे. शीर्षक छापलं आहे तसंच नोंदवावं, ते पुस्तकाचं खरं नाव आहे. पण शेजारी ‘शोधशब्द’ नावाचा रकाना ठेवून त्यात आजच्या लेखनातलं रूप, आणि घरात रोमनमध्ये शोधणारं कुणी असेल तर रोमन रूपही द्यावं. हा एक रकाना पुढे खूप श्रम वाचवतो. तो जोडू न देणाऱ्या ॲपमध्ये टॅग किंवा टिपणी शोधात धरली जाते का, ते बघा.

अकारविल्हेही लावून बघा. साधा संगणकीय क्रम ‘ळ’ला ‘ल’च्या पाठोपाठ आणि ‘क्ष’ला ‘क’मध्ये घालतो, आपल्या वर्णमालेत ही अक्षरं शेवटी येतात. हे चालवून घेता येईल, फक्त क्षपासूनचं शीर्षक कुठे शोधायचं ते माहीत हवं.

शेवटी ‘एक्सपोर्ट’ दाबा आणि सीएसव्ही फाईल, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपातला तक्ता, काढा. ती एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की देवनागरीच्या जागी बऱ्याचदा अगम्य चिन्हं दिसतात. फाईल बिघडलेली नसते. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून ‘टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून’ हा पर्याय घ्या आणि संकेतन ‘६५००१ यूटीएफ-८’ निवडा, अक्षरं नीट येतात. त्याच वेळी आयएसबीएनचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवा. नाहीतर तेरा आकडे आखडून ‘९.७८’ने सुरू होणाऱ्या घातांकात दिसतात, आणि तशीच सीएसव्ही पुन्हा साठवली की मूळ आकडे कायमचे जातात. शून्याने सुरू होणाऱ्या जुन्या इंग्रजी क्रमांकांचं पहिलं शून्यही असंच गळतं. काढलेली फाईल दुसऱ्या पर्यायात आयात करा. वीसच्या वीस पुस्तकं जागा, टिपणी आणि शोधशब्दांसह पोहोचली, तर ते सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी तुमची मेहनत वाया जात नाही.

पायरी ५: भरायला घ्या

खोलीनुसार नव्हे, फळीनुसार जा, आणि एक फळी पूर्ण झाल्याशिवाय उठू नका. झालेल्या फळीच्या कडेला कागदी पट्टी लावा. दोघं बसलात, एक वाचून दाखवणारा आणि एक भरणारा, तर काम कितीतरी झपाट्याने होतं. एकट्याने करताना फोनच्या मराठी कीबोर्डवरचा माइक वापरा. शीर्षकं तो छान लिहितो. आडनावं आणि आद्याक्षरं मात्र दरवेळी तपासावी लागतात. हाताने तासाला ३० नोंदी हा धिमा पण टिकणारा वेग आहे. रोज एक तास दिला तर ३,००० पुस्तकांना १०० दिवस.

दिवाळी अंकांचं शीर्षक ‘अंकाचं नाव, दिवाळी २०११’ या एकाच साच्यात लिहा, लेखक रिकामा सोडा आणि ‘प्रकार’मध्ये ‘दिवाळी अंक’ टाका. त्यांना आयएसबीएन नसतो, त्यामुळे कोणतंही ॲप मदतीला येणार नाही. बहुखंडी ग्रंथाच्या प्रत्येक खंडाची नोंद वेगळी करा, कारण उसना जातो आणि हरवतो तो एखादाच खंड. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये कुणी आधी केलेली यादी असेल तर ती थेट आयात करू नका, आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आजचे फोन आणि संगणक वापरतात त्या अक्षरसंकेतांत, बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला.

दर महिन्याला सीएसव्ही काढून एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक घराबाहेरच्या कुणाला ई-मेलने पाठवा. फाईलच्या नावात तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घ्या, म्हणजे फाईली आपोआप क्रमाने लागतात आणि ताजी कोणती हे उघडून बघावं लागत नाही.