फ्लूचे प्रकार आणि लस: या चुका टाळा

रिपोर्टवर 'एच१एन१' दिसलं की घरात धावपळ उडते. 'एच३एन२' असेल तर "स्वाइन फ्लू नाही ना, मग ठीक" म्हणून सगळे निर्धास्त. दोन्ही इन्फ्लुएन्झा 'ए'चेच उपप्रकार आहेत. २००९ मध्ये पुण्याला धडकी भरवणारा एच१एन१ आता हंगामी फ्लूंपैकीच एक झालाय. उलट एच३एन२ वयस्कर मंडळींना जास्त छळतो. 'बी' सौम्य, हाही गैरसमज. लहान मुलांना तो चांगलाच लोळवतो. 'सी' बहुधा सर्दीवर भागतो, 'डी' मुख्यतः गुरांमध्ये आढळतो.

म्हणून आधी रुग्णाकडे पाहा. धाप, छातीत दुखणं, ग्लानी, थुंकीतून रक्त, निळसर ओठ यांपैकी एकही लक्षण दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

सगळ्यात महागात पडते ती रिपोर्टची वाट पाहणं. ओसेल्टामिव्हिर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वाधिक उपयोगी पडतं. गर्भवती, पाच वर्षांखालची मुलं, ६५ वर्षांवरचे, मधुमेह किंवा दम्याचे रुग्ण यांनी ताप येताच डॉक्टरांना विचारावं. मोठ्यांचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नये. झटपट अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तरी फ्लू नाहीच, असं ठरत नाही. घरात उरलेली अँटिबायोटिक्स विषाणूवर काहीच करत नाहीत. मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन तर देऊच नका; त्यातून मेंदू आणि यकृताला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो.

लसीबाबत एक गोंधळ हमखास होतो. बाळाच्या कार्डावर पेंटाव्हॅलंटमध्ये (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीत) 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी' असं वाचून पालक समजतात, फ्लूची लस झाली. तो जीवाणू आहे, फ्लूशी त्याचा संबंध नाही. फ्लूची लस वेगळी, आणि विषाणू रूप बदलत राहतो म्हणून दरवर्षी घ्यायची. नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वर्षी किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. दुसरा विसरला की संरक्षण अर्धवट राहतं. 'चार विषाणूंचीच लस हवी' असा हट्ट नको: त्यातला चौथा, म्हणजे 'बी'चा यामागाता नावाचा वंश, मार्च २०२० नंतर खात्रीने सापडलेला नाही, त्यामुळे तीन विषाणूंची पुरते.

महाराष्ट्रात पावसाळ्यातही साथ येते आणि लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा एप्रिल-मेमध्येच घ्या, आणि पाकिटावर कोणत्या हंगामाची लस आहे ते वाचून घ्या.