भूविज्ञान शिकताय? फील्डवरच्या या चुका टाळा

बडोद्यात मुलानं बीएस्सीला जिऑलॉजी घेतली की मराठी घरांतून पहिला प्रश्न ठरलेला: ‘ओएनजीसीत लागेल ना?’ अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं, शहरातही ओएनजीसीचा मोठा पसारा आहे, तेव्हा आईवडिलांना असं वाटणं साहजिक आहे. पण मुलंही तेवढंच मनात धरून येतात आणि दगड बघायला शिकण्याआधी नोट्स गोळा करायला लागतात.

सगळ्यांत घातक सवय म्हणजे फील्ड डायरी रात्री लिहिणं. दिवसभर फोटो काढायचे, आकडे चिटोऱ्यावर टिपायचे आणि मुक्कामावर जेवणं झाली की छान अक्षरात डायरी ‘फेअर’ करायची. जांबुघोड्याच्या बाजूला चांपानेर गट या खडकसमूहाचे क्वार्ट्झाइट आणि फिलाइट हे रूपांतरित खडक आहेत, चांगले घड्या पडलेले. तिथे गेलेल्या विद्यार्थ्यांच्या एका गटात एकच मुलगा क्लायनोमीटर, म्हणजे थराचा कल मोजायचं उपकरण, लावत होता, बाकीचे ऐकून लिहीत होते. स्ट्राइक (थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) लिहिला, डिपचा (थराच्या उताराचा) कोन लिहिला, पण डिप कोणत्या दिशेला ते ‘नंतर टाकू’ म्हणून राहिलं. रात्री सगळ्यांनी मिळून आठवून दिशा भरल्या. परत येऊन नकाशावरून छेद काढला, तर थर दोन्ही बाजूंना बाहेर कललेले, म्हणजे कमानीसारखी घडी, अँटिक्लाइन. त्याच पट्ट्यात काम केलेल्या दुसऱ्या गटाला तिथे उलट, खोलगट घडी, म्हणजे सिंक्लाइन मिळाली होती. पहिल्या गटाकडे फोटो भरपूर होते, पण एकाही फोटोत ना मापासाठी हातोडा ठेवलेला, ना दिशा नोंदवलेली. शेवटी पोरांना पुन्हा बस धरून तिथे जावं लागलं. दिशा त्यांच्याच उलट्या भरल्या गेल्या होत्या.

माझी पद्धत साधी आहे. दगडासमोरून हलण्याआधी स्ट्राइक, डिप आणि डिपची दिशा ही तिन्ही एकाच ओळीत लिहायची. दिशेची शंका असेल तर थराच्या पृष्ठावर बाटलीतलं थोडं पाणी ओतायचं. ते वाहील ती डिपची दिशा, स्ट्राइक तिला काटकोनात. मग पेन्सिलनं स्केच काढायचं, कितीही वेडंवाकडं आलं तरी चालेल. हात चालत असतो तेव्हाच डोळ्यांना सांधे (खडकातल्या भेगा), शिरा, थरांची जाडी दिसायला लागते. फोटो त्यानंतर. सीनियरची डायरी मागून घेणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो: तीन वर्षं त्यात घालवण्यापेक्षा दुसरा विषय घ्या.

कड्यावर थर दिसला की त्याचाच कोन मोजून मोकळं होऊ नका. खरा डिप ४५ अंश असेल आणि कडा स्ट्राइकशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर त्या कड्यावर डिप जेमतेम २७ अंश दिसतो.

होकायंत्र लावताना हातोडा लांब ठेवा. फोनला चुंबकाचं कव्हर असेल तर त्यातल्या कंपासवर अजिबात विसंबू नका.

नमुना फोडल्याबरोबर त्यावर क्रमांक घाला. पिशवीत गेल्यावर सगळे काळे दगड सारखेच दिसतात.

दुसरी चीड आणणारी चूक म्हणजे रंगावरून नाव ठोकून देणं. पांढरं दिसलं की क्वार्ट्झ! कॅल्साइटही पांढरा असतो. क्वार्ट्झ काचेवर ओरखडा पाडतो, त्याला क्लीव्हेज, म्हणजे ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटणं, नाही. कॅल्साइट तिरक्या ठोकळ्यांत फुटतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबानं फसफसतो. डोलोमाइट या त्याच्यासारख्या खनिजाची मात्र आधी पूड करा, नाहीतर तो थंड आम्लाला फारशी दाद देत नाही. मायक्रोस्कोपखाली तर घाई फारच महाग पडते. थिन सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवलेला खडकाचा पातळ काप, ०.०३ मिलिमीटर जाडीचं असेल तर क्रॉस्ड निकॉल्समध्ये (एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमधून) क्वार्ट्झ राखाडी-पांढरा दिसतो. तो चांगला पिवळा दिसायला लागला तर स्लाइड जाड आहे, आणि त्या स्लाइडवरचे बाकीचे रंगही तुम्हाला फसवणार. म्हणून मी आधी क्वार्ट्झचा एक कण शोधतो, मगच पुढे बघतो.

पावागढला ‘हा दख्खनचा, म्हणजे बेसाल्ट’ असं पायथ्याशीच लिहून टाकणारे दर बॅचला भेटतात. तिथे वर ऱ्हायोलाइट हा वेगळा ज्वालामुखी खडक आहे, ते बघायला डोंगर चढावाच लागतो. आणि चांपानेर-पावागढ २००४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, तेव्हा हातोडा पिशवीतच राहू द्या.

गणित, फिजिक्स टाळायला म्हणून इकडे येऊ नका. जिओफिजिक्स आणि क्रिस्टलोग्राफीत ते समोर येतंच.

आणि नोकरीचं म्हणाल, तर बीएस्सीवर थांबण्याचा बेत आधीच सोडा. जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात) भूवैज्ञानिक व्हायचं तर यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यावी लागते आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. आयआयटीतून एमएस्सी करायची असेल तर जॅम या प्रवेश परीक्षेची तयारी शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत सुरू करा. वर्ष सुरू झाल्यावर फील्ड आणि प्रॅक्टिकल्समधून वेळ काढणं कठीण जातं.